चित्र ओलं असताना निकाल लावू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुम्ही नाशिकला राहता, कारखान्यात क्वालिटी विभागात आहात, चार वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी जलरंगात काम करता. गेल्या वर्षभरात साठ-सत्तर कागद सुरू केले, पण खाली सही केलेलं चित्र एकही नाही. निम्मे फाडले, निम्मे पलंगाखाली पडून आहेत. गोदाघाटाचं एकच चित्र अकरा वेळा सुरू केलंत. आणि शेवटी विचारलंत, ‘हा परफेक्शनिझम माझी कल्पकता मारतोय, की यातूनच मी चांगला चित्रकार होईन?’

मला मात्र यातलं सगळ्यात कामाचं वाक्य दुसरंच वाटलं. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘पहिला वॉश बऱ्याचदा छान बसतो, मग मी तो सुधारायला जातो आणि रंग मळतो.’ (वॉश म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ, पसरट थर.) मी उत्तर देणार आहे ते या वाक्याला धरून.

माझ्याबद्दल थोडक्यात. पुण्यात असते. पाठ्यपुस्तकं, मुलांची पुस्तकं, दिवाळी अंक यांच्यासाठी अठ्ठावीस वर्षं चित्रं काढली आणि बावीस वर्षं शनिवार-रविवारी जलरंगाचा वर्ग घेते आहे. मानसशास्त्र शिकलेली नाही. तेव्हा जे सांगेन ते ब्रश धरणाऱ्या बाईचं आहे, डॉक्टरचं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, तुमच्या अपेक्षा फार उंच आहेत असं मला अजिबात वाटत नाही. वर्गात येणाऱ्यांत ज्यांची नजर सगळ्यात तयार असते, ज्यांना दुसऱ्याच्या चित्रातला एक खोटा काठ लांबून दिसतो, तेच बहुतेक वेळा चित्रं पूर्णही करतात. अडकणारे लोक वेगळे. त्यांचीही नजर चांगली असते, पण ते तपासणी चुकीच्या वेळी करतात. हे मी उपमा म्हणून सांगत नाहीये. जलरंगात ते शब्दशः खरं आहे, आणि ते कसं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

जलरंग ओला असताना गडद दिसतो आणि सुकला की फिका पडतो. किती फिका, ते रंगावर, कागदावर आणि पाण्याच्या प्रमाणावर ठरतं, पण फरक डोळ्यांना सहज जाणवेल इतका असतो. म्हणजे तुम्ही आकाशाचा वॉश टाकला, लगेच मान मागे घेऊन पाहिलं आणि ‘फार गडद झालं’ असं ठरवलं, तर तुम्ही जे पाहिलंत ते चित्र नव्हतंच. चित्र पंधरा मिनिटांनी दिसणार होतं. पण तुम्ही थांबला नाहीत, टिश्यूने रंग उचलला, वर पाणी फिरवलं. सुकल्यावर आकाश बेरंगी झालं. मग ‘फारच फिकं’ म्हणून दुसरा थर दिला, तो पट्टेरी दिसला, तो सारखा करायला तिसरा. तिसऱ्या थराखाली पहिला हलायला लागतो आणि निळ्याखालचा पिवळा-तांबडा वर येऊन सगळ्याचा राखाडी चिखल होतो. तुम्ही प्रत्येक पायरीवर दोष दुरुस्तच करत होतात, फक्त तो दोष त्या क्षणी कागदावर नव्हता.

दुसरी बाब वेळेची. वॉश टाकल्यावर कागद आधी चकाकतो. तेव्हा रंगात रंग सोडता येतो, कागद तिरका करून ओघळ वळवता येतो. थोड्या वेळाने चकाकी जाते आणि कागद सुकल्यासारखा दिसतो, पण आतून ओलाच असतो. हा मधला काळ फसवा. एप्रिलमध्ये वाईच्या घाटावर बसलात तर तो जेमतेम मिनिटभराचा, आणि ऑगस्टमध्ये पुण्यात घरात बसलात तर पंधरा-वीस मिनिटांचाही असू शकतो. याच वेळात भरलेला ब्रश टेकवला की त्यातलं जास्तीचं पाणी शेजारचा अर्धओला रंग बाहेर ढकलतं आणि दातेरी काठाचा डाग पडतो. आम्ही त्याला फ्लॉवर म्हणतो. भाजीतला, गुलदस्त्यातला नव्हे. तळहाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावून बघा, गार लागलं तर अजून थांबायचंय.

बावीस वर्षांत मी पाहिलेलं असं, की नीटनेटक्या माणसाला नेमका हा मधला काळ सोसत नाही. समोर काहीतरी अर्धवट आहे, ते चांगलं होईल की वाईट हे ठरलेलं नाही, आणि आपण हात मांडीवर ठेवून बसायचं, हे त्याला जमत नाही. बेफिकीर विद्यार्थी या वेळात चहा पिऊन येतो. त्याचं आकाश वाचतं, आणि त्याला ते वाचलं याचं कारणही माहीत नसतं.

तुम्ही क्वालिटीत आहात म्हणून एक विचारते. नुकत्याच मशीनवरून उतरलेल्या गरम पार्टवर मायक्रोमीटर लावून तुम्ही तो रिजेक्ट कराल का? माझा भाऊ टूलरूममध्ये होता. तो म्हणायचा, मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस, त्याआधी घेतलेलं माप म्हणजे गप्पा. कारखान्यात तुम्ही हा नियम मोडणार नाही. घरी गोदाघाटाच्या बाबतीत मात्र तुम्ही रोज गरम पार्ट मोजताय.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते. हे सगळं मी जलरंगाबद्दल बोलले. तैलरंगात खरवडून काढता येतं, वर पुन्हा रंगवता येतं, महिनोन्‌महिने एका कॅनव्हासशी झुंजता येतं. फ्रेंच चित्रकार सेझान हे त्याचं टोक. १८९९ मध्ये त्याने आंब्रॉझ व्होलार या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र करायला घेतलं. व्होलारने स्वतः लिहून ठेवलंय की तो ११५ वेळा बैठकीला बसला, आणि त्यानंतर सेझानने काम सोडलं ते शर्टाचा पुढचा भाग तसा वाईट नाही झाला, एवढ्या समाधानावर. पण त्याच हकिकतीतला दुसरा तपशील मला जास्त आवडतो. चित्रातल्या हातावर दोन छोटे ठिपके कोरे राहिले होते. व्होलारने त्याकडे बोट दाखवलं तेव्हा सेझानचं म्हणणं असं, की तिथे अंदाजाने काहीतरी रंग लावला तर त्या ठिपक्यापासून सुरू करून अख्खं चित्र पुन्हा करावं लागेल. म्हणून ते ठिपके तसेच राहिले. एवढा काटेकोर माणूस, पण जे ठरलेलं नाही ते ‘भरून टाकायची’ त्याला घाई नव्हती. तुमच्या-माझ्या काटेकोरपणात आणि त्याच्यात फरक असलाच तर तो इथे आहे. आपल्याला कोरी जागा खुपते. आणि जलरंगात तर पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच. खुपणाऱ्या हाताने आधी बळी जातो तो पांढऱ्याचा.

मग कुणी हमखास गायतोंड्यांचं नाव काढतं. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करत. एवढ्या कमी कामावर माणूस एवढा मोठा झाला, मग आम्ही कमी केलं तर काय बिघडलं? बिघडलं काहीच नाही. पण त्यांचा बराच काळ ब्रश उचलण्याआधी जायचा, बघण्यात आणि विचारात. काम सुरू झालं की रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवणं, काढणं, आणि त्यात रंग काय करतोय त्याला वाव देणं. आणि ते पाच-सहा पूर्ण व्हायचे. तुमचे सत्तर सुरू झाले आणि पूर्ण एकही नाही. हा आकड्यांचा फरक नाही, तुम्ही सगळा संशय ब्रश कागदावर असताना खर्च करता आणि पेन्सिलीच्या वेळी, विचाराच्या वेळी जवळपास काहीच करत नाही. (हा माझा अंदाज आहे. पण तुम्ही थंबनेलचा, म्हणजे चित्राआधी काढायच्या छोट्या कच्च्या आराखड्याचा, उल्लेख कुठेच केलेला नाही, त्यावरून.)

फाडण्याबद्दलही तुम्ही विचारलंत. फ्रेंच चित्रकार मोने फाडायचा की. १९०८ मध्ये प्रदर्शन तोंडावर असताना त्याने कमळतळ्याची किमान पंधरा चित्रं नष्ट केली आणि प्रदर्शन लांबणीवर पडलं. पण पुढच्या वर्षी ते भरलं तेव्हा त्याच मालिकेतली ४८ चित्रं भिंतीवर होती. पंधरा फाडून अठ्ठेचाळीस मांडणाऱ्या माणसाने फाडणं आणि पस्तीस फाडून शून्य उरवणाऱ्याने फाडणं, यांना एकच शब्द वापरू नये. मी स्वतःही फाडते, वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत. चित्र ज्या दिवशी झालं त्या दिवशी कधीच नाही.

आता कल्पकतेचं. तुमच्या प्रश्नाचा हा भाग लोक सहसा चुकीच्या टोकाने धरतात. त्यांना वाटतं काटेकोर माणसाला कल्पना सुचत नाहीत. सुचतात. पण ज्या कल्पनेत फसण्याचा धोका आहे ती तो घेतच नाही, आणि हळूहळू विषयच आक्रसत जातात. आधी माणसं जातात, कारण हात-पाय चुकतात. मग बाजार जातो, कारण तिथे माणसं असतात. मग पाऊस, धूर, रात्रीचे दिवे, म्हणजे ज्यासाठी जलरंग हे माध्यम मुळात बनलंय तेच सगळं, कारण ते ओल्यावर ओलं करावं लागतं आणि हातात राहत नाही. शेवटी उरतो तो स्वच्छ उन्हातला घाट, पायऱ्यांच्या सरळ रेषा, मागे देऊळ. तुमच्या अकरा गोदाघाटांमध्ये माणसं किती आहेत? गाडगे महाराज पुलाखालचा बाजार एकदा तरी काढलात का? रागावू नका, मी खरंच विचारते आहे.

एकच जागा पुन्हा पुन्हा काढण्यात मात्र काहीही गैर नाही. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ हा परिसर आयुष्यभर रंगवला. पण तिथे प्रत्येक वेळचा प्रकाश वेगळा, म्हणून चित्र वेगळं. तुमची अकरा म्हणजे एकाच चित्राच्या अकरा सुरुवाती आहेत. पहिलं पूर्ण केलं असतंत, कितीही वाईट, तर दुसऱ्यात काय बदलायचं ते त्याने सांगितलं असतं. अर्ध्यात सोडलेल्या कागदाला तेवढंही सांगता येत नाही, त्यामुळे चौथ्या आणि नवव्या वेळी तुम्ही त्याच ठिकाणी ठेचकाळला असणार.

यावर संशोधनही झालंय. ओटावा विद्यापीठातल्या मंडळींनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘उत्तम करायचं’ असं ठरवणारे आणि ‘निर्दोषच हवं’ म्हणणारे यांची तुलना केली होती. एका प्रश्नाला जमतील तितकी वेगवेगळी उत्तरं द्या, अशा प्रकारच्या चाचण्यांत निर्दोषवाले मागे पडले, उत्तमवाल्यांची उत्तरं जास्त आणि जास्त वेगळी होती. विद्यार्थ्यांवरचा अभ्यास आहे, चित्रकारांवरचा नाही, त्यामुळे मी त्याला फार ताणणार नाही. पण वर्गात दिसतं त्याच्याशी ते जुळतं.

थोडं विषयांतर. महाराष्ट्रात शिकलेल्या माझ्या पिढीच्या, आणि बहुधा तुमच्याही, हातावर एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचा संस्कार असतो. वर्तुळात बसवलेलं संकल्पचित्र, त्यात पोस्टर कलरचा सपाट थर, काठ धारदार, कंपासचा डाग दिसायला नको. मला त्या परीक्षांनी पुष्कळ दिलं, तक्रार नाही. स्मरणचित्राच्या पेपरमुळे तर माणसं काढायची भीती गेली. पण पोस्टर कलर झाकतो. चुकलं की त्यावर दुसरा थर, चूक गायब. जलरंग पारदर्शक, त्यात चूक झाकत नाही, उलट फ्रेम करून दाखवल्यासारखी दिसते. वर्गात ‘सर्टिफिकेट ए ग्रेड’वाले विद्यार्थी जलरंगात सुरुवातीला जास्त चाचपडतात, कारण हाताला झाकायची सवय असते. तुमचं ‘सुधारायला जातो’ हे मला त्या जातीचं वाटतं.

माझी स्वतःची शोभा कशी झाली तेही सांगते, नाहीतर उपदेश एकतर्फी होईल. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका दिवाळी अंकाने कथेसाठी पूर्ण पानाचं चित्र मागितलं होतं. पहिल्यांदाच पूर्ण पान, म्हणून मी झपाटले. एस.टी. स्टँडवर बसलेली म्हातारी, एवढंच चित्र. आठ वेळा केलं. संपादकांचे फोन यायचे, मी म्हणायचे, ‘उद्या नक्की.’ पाचव्यात चेहरा जमला पण हात जड वाटले. सहाव्यात हात जमले तर चेहरा गेला. आठवं घेऊन मी प्रेसवर पोचले तेव्हा तो फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गट, छापून झाला होता. माझ्या पानावर लोणच्याची जाहिरात होती. संपादक सज्जन, रागावले नाहीत. म्हणाले, ‘चित्र छानच आहे हो, पण अंक निघाला.’

पुढे काही महिन्यांनी मी ती आठही शेजारी शेजारी लावली. तिसरं, पाचवं आणि आठवं यांत आता मला डावं-उजवं करता येईना. ती एकमेकांपेक्षा चांगली होत गेली नव्हती, नुसती वेगळी होत गेली होती. त्या आठवड्यात मात्र प्रत्येक वेळी मला शपथेवर वाटत होतं की मी पुढे सरकते आहे. तेव्हापासून त्या ‘अजून थोडं सुधारतंय’ या भावनेवर मी विश्वास ठेवत नाही. ती भावना हात थकल्याचीही असते.

तर इथवरचं थोडक्यात: तुमची नजर चांगली आहे, ती राहू द्या. ती ब्रशच्या आधी आणि चित्र सुकल्यानंतर वापरायची, मधे नाही. फाडणं बंद नको, पुढे ढकला. आणि विषय आक्रसलेत का ते तपासा.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं. माझ्या वर्गात मी पहिले सहा आठवडे जे करून घेते ते सांगते.

कागदाची भीती आधी मोडावी लागते. तुम्ही महागडा कॉटन कागद अर्ध्या शीटच्या मापात वापरता असं दिसतं, मग प्रत्येक चुकीला रुपये दिसणारच. यावर सगळे सल्ला देतात की स्वस्त कागदावर सराव करा. मला तो अर्धाच पटतो. स्वस्त कागद पाणी वेगळं पितो, लवकर सुकतो, दुसरा थर दिला की वरचा पापुद्रा सुटतो. त्यावर शिकलेला हात कॉटनवर आला की पुन्हा चुकतो आणि तुम्ही म्हणता, ‘बघा, चांगल्या कागदावर माझं बिघडतंच.’ त्यापेक्षा तोच ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद घ्या आणि पूर्ण शीटचे सोळा तुकडे करा. साधारण साडेपाच बाय साडेसात इंच, पोस्टकार्डापेक्षा मोठे. एवढ्या आकारात तपशिलाला जागाच नसते, आणि दोन्ही बाजू वापरल्या तर एका शीटमध्ये बत्तीस चित्रं होतात.

मग पेन्सिलीने, वेगळ्या कागदावर, काडेपेटीएवढी थंबनेल. तीनच छटा: कागदाचा पांढरा, मधला, गडद. इथे हवा तेवढा किस काढा. पांढरं कुठे राखायचं, सगळ्यात गडद कुठे, नजर कुठे जायला हवी. दहा थंबनेल काढून नऊ बाद करा, इथे बाद करणं फुकट आहे. तुमच्यातल्या क्वालिटीवाल्याला कामाला लावायची ही जागा. पटलं की चित्राच्या कागदामागे एका ओळीत लिहा, या चित्रातून मला काय हवंय. ‘पुलाखालची सावली निळी दिसली पाहिजे’ असं काहीतरी. ‘छान गोदाघाट’ असं लिहून चालणार नाही, कारण ते झालं की नाही हे कधीच ठरत नाही.

रंगवताना मोठा ब्रश. बारीक ब्रश मी चक्क काढून घेते. एकदा निवृत्त बँक अधिकारी होते वर्गात, ते खिशात शून्य नंबरचा लपवून आणायचे आणि वाड्याच्या भिंतीतली वीट न वीट काढायचे. पेनासारखा शर्टाला लावलेला असायचा, म्हणून बरेच दिवस कळलं नाही. वॉश टाकला की उठायचं. खुर्चीत बसून थांबणं कुणालाच जमत नाही, म्हणून उठून दुसऱ्या खोलीत जायचं, किंवा शेजारी दुसरा तुकडा सुरू करायचा. दोन चित्रं एकावेळी चालवणं हा मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय, एक सुकेपर्यंत हात दुसऱ्यावर गुंतलेला असतो. तीन थर, त्यानंतर बंद. कोरं राहिलं तर राहू द्या.

झालं की मागे तारीख टाका आणि आठ दिवस ड्रॉवरमध्ये. घरच्यांना दाखवायचं नाही, फोटो टाकायचा नाही. आठव्या दिवशी काढून आधी मागची ओळ वाचा, मग चित्र उलटा आणि फक्त त्या ओळीपुरता निकाल द्या. सावली निळी झाली का? हो किंवा नाही. बाकीचे दोष दिसतील, ते पुढच्या थंबनेलला सांगा, या कागदाला नाही.

हे सगळ्यांना लागू पडतं असं नाही. काही शिक्षक घड्याळ लावतात, वीस मिनिटांत चित्र. मीही लावायचे, पण एका मुलीचं उलटं झालं. तिला घड्याळच परीक्षक वाटायला लागलं, हात थरथरायचे. तिचं घड्याळ काढलं आणि तिला फक्त रंग एकमेकांत सोडायला दिले, चित्र काढायचंच नाही, दोन महिने. मग ती सावरली. आणखी एक गृहस्थ होते, त्यांना मी सांगितलेलं यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. बोलता बोलता कळलं की ते ऑफिसची ईमेलसुद्धा पाच-पाचदा वाचूनही पाठवत नव्हते, रात्री झोप नव्हती. तिथे चित्रकलेचे उपाय पुरत नाहीत. तुमचंही चित्राबाहेर तसंच होत असेल, कामावर, घरी, झोपेत, तर समुपदेशकाशी बोला. त्यात कमीपणा नाही, आणि ते काम माझ्यासारखीने करूही नये.

व्हिडिओंबद्दल तुम्ही लिहिलंत की एक मिनिटात लोक घाट उभा करतात आणि ते बघून तुमचा हात गळतो. एका मिनिटाच्या व्हिडिओत कापलेलं असतं ते नेमकं सुकणं. हेअर ड्रायर, चहा, पंख्याखालची वीस मिनिटं. म्हणजे तुम्ही शिकायला बसता त्याच वेळी शिकण्याची मुख्य गोष्ट काढून टाकलेली असते. बघायचंच असेल तर समोरासमोर बसून प्रात्यक्षिक देणाऱ्या कुणाकडे जा. नाशकात घाटावर बसून काम करणारे लोक अजून आहेत. शेजारी उभे राहा आणि ते किती वेळ काहीच करत नाहीत ते बघा.

शेवटचं काम, आणि हे पुढच्या रविवारी करा, नवं चित्र सुरू करण्याआधी. पलंगाखालचा गठ्ठा बाहेर काढा. जाड पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या कापा, इंग्रजी एल अक्षरासारख्या. त्या समोरासमोर ठेवल्या की लहान-मोठी करता येणारी खिडकी तयार होते. ती प्रत्येक कागदावर सावकाश फिरवा. पहिला वॉश छान बसतो असं तुम्हीच म्हणालात, म्हणजे त्या प्रत्येक अर्धवट कागदावर कुठेतरी तो पहिला वॉश अजून शाबूत असणार, एखाद्या कोपऱ्यात, जिथे तुमचा सुधारणारा हात पोचला नाही. खिडकीत चांगलं काही दिसलं की कड आखा, कापा, खाली सही करा. लोणच्याच्या जाहिरातीनंतर मी माझ्या गठ्ठ्यावर हे केलं तेव्हा अकरा तुकडे निघाले होते. त्यातला एक, जेमतेम तळहाताएवढा, नुसतं स्टँडच्या पत्र्यावरचं ऊन, अजून माझ्या टेबलासमोर आहे. तुमच्यातून किती निघतात ते कळवा.